समताच्या गळ्यातला चरबीचा कण

मी एक चरबीचा कण आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. आज मी समता नावाच्या मुलीच्या गळ्यात, भाजलेल्या कातडीखाली राहतो. पण माझा जन्म तिच्या मांडीत झाला.

समता लोणार तालुक्यातल्या बीबी गावची, अंगणवाडीत मदतनीस. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या हळदीला भजी तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल तिच्या गळ्यावर आलं. जीव वाचला. जखमाही भरल्या, पण कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. समोरच्याशी बोलायचं तर तिला कमरेतून मागे वाकावं लागे. शहरातल्या दवाखान्यात आखडलेला भाग सोडवून नवी कातडी लावली, तर चार महिन्यांत तीही टणक झाली. मग समता घराबाहेर पडेनाशी झाली.

शेवटी डॉक्टर अनुपमा म्हणाल्या, "कातडीखाली चरबी भरून पाहू. चरबीत मूळ पेशी असतात, त्यांनी कातडी मऊ होऊ शकते. पण खात्री देत नाही." त्यांनी समताच्या पोटाला चिमटा घेऊन पाहिला, तर हातात नुसती कातडी आली. वजन छत्तीस किलो. काढायची कुठून?

तिची आई बनाबाई पुढे सरसावली. "माह्या पोटाची काढा ना मॅडम. मले लय हाय."

"नाही मावशी. दुसऱ्याची चरबी तिचं शरीर ठेवून घेणार नाही. तिचीच लागेल."

बनाबाई बाहेर येऊन तोंडाला पदर लावून रडली. घरी गेल्यावर मात्र ती चार महिने रोज लेकीपुढे ताट घेऊन बसली. शेंगदाणे, अंडी, तुपातली भाकरी.

"मा, मले नाई जात आता."

"एक घास. एकच खाय."

त्या चार महिन्यांच्या घासांतूनच मी भरलो, मित्रांनो. दुसऱ्या कशातून नाही.

मग एक दिवस बारीक नळीनं मला मांडीतून ओढून काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि सुईनं समताच्या गळ्यात सोडलं. तिथं रक्तच पोचत नव्हतं. शेजारचे कण एकेक करून मरू लागले. मीही गुदमरत होतो. आमच्यातल्या मूळ पेशी रक्ताला बोलावत होत्या. पाचव्या दिवशी केसाएवढी एक रक्तवाहिनी माझ्यापर्यंत आली. माझ्या पलीकडच्यापर्यंत आली नाही.

दीड महिन्यात सूज उतरली आणि गळा पुन्हा खोल गेला. समतानं हात लावून पाहिलं.

"गेलं सारं, मा. पुन्हा तसंच झालं."

तिनं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. आठवडे गेले, दोन घासांवर ती उठू लागली. मित्रांनो, शरीर उपाशी राहिलं की ते आधी आम्हाला खर्च करतं. मी बारीक होऊ लागलो. आम्ही निम्मे तरी जिवंत आहोत, असं तिला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला कुठलं तोंड!

बनाबाई रोज तिच्या गळ्याला खोबरेल चोळायची. तिसऱ्या महिन्यात एकदा चोळता चोळता ती थांबली.

"समते, कातडी चिमटीत येऊन राह्यली वं!"

"खोटं नको बोलू, मा."

"तूच पाह्य."

समतानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच हनुवटी उचलली. ती दोन बोटं वर गेली, तिथं अडली.

डॉक्टर अनुपमांनी पट्टीनं मोजलं. "हे यश आहे. अजून दोनदा भरावं लागेल." मग त्यांनी समताला काट्यावर उभं केलं. चौतीस किलो. "यातून मी काही काढू शकत नाही, समता. आहे तेही जाईल."

परतीच्या बसमध्ये बनाबाईनं पिशवीतले शेंगदाणे काढून लेकीच्या हातावर ठेवले.

मित्रांनो, कढई उतरवताना जपा. कुणी भाजलं तर आधी भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरा. आणि तुमच्या घरात कुणी ताट सरकवून बसत असेल, तर रागावून उठून जाऊ नका. शेजारी बसा. आत कुणीतरी त्या घासावर जगत असतं.

आज सकाळी समतानं अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी ताटात आहे आणि बनाबाई अजून तिच्याशेजारून उठलेली नाही.