देवकृपा अजून पाण्यात

सातपाटीच्या एका मच्छीमार सोसायटीत भाविका कामाला लागली तेव्हा ऑफिसातला कॉम्प्युटर इतका म्हातारा होता की त्याच्यावर लिनक्सशिवाय दुसरं काही चालायचंच नाही. आणि चालू केला की लॉगिनची जी स्क्रीन यायची ती इतकी राखाडी, की बघूनच कामाचा कंटाळा यावा. भाविका पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, वेब डिझाइनचं भूत अंगात शिरलेलं. तिला कुठूनतरी कळलं की ही लॉगिन स्क्रीन आपली आपण बनवता येते, अगदी वेब पेज बनवतात तशी. एचटीएमएल, रंगरूपाला सीएसएस, वर थोडी जावास्क्रिप्ट. मग काय, बसली की.

पहिल्याच दिवशी कुठलातरी एक कंस बंद करायचा राहिला आणि पासवर्डचा चौकोनच गायब. सेक्रेटरी आत्माराम तात्या चष्मा कपाळावर चढवून उभे.

"गो भाविका, सोसायटीला कुलूप लावलंस आनि चावी दर्यात टाकलीस काय?"

"तात्या, चहा सांगून या. तवर उघडते."

"म्हंजे आता शिपाई पन मीच."

उघडलं तिने. आणि आठवडाभराने जे तयार झालं ना, ते बघायला माणसं खिडकीशी थांबायला लागली. खाली किनारा, वर निळं पाणी, कोपऱ्यात पासवर्डचा चौकोन, आणि सोसायटीची एकेक बोट, बोटाएवढी, नावासकट. डिझेल भरून बोट निघाली की भाविका नोंद करायची, की ती पाण्यात दिसायची. परत आली की किनाऱ्याला. टेबल खिडकीशी आडवं असल्यामुळे स्क्रीन बाहेरून दिसायची, आणि जरा वेळ कोणी हात लावला नाही की कॉम्प्युटर आपोआप लॉक होऊन परत तेच चित्र. हिशोबबिशोब सगळे पासवर्डच्या मागे, पण बोटी मात्र सगळ्यांच्या. बर्फाची चिठ्ठी न्यायला येणाऱ्या बायका आधी काचेतून बघायच्या, मग आत यायच्या.

घोळ एकच होता. जाताना बोट चालवणारा तांडेल डिझेलला येतो, येणारच. परत आल्यावर कोण सांगायला येतो? मासळी उतरवली की गडी घरी जाऊन आडवा. बोट खाडीत उभी आणि स्क्रीनवर आपली पाण्यातच. बायका हसायच्या, "माजा नवरा घरात घोरतोय आनि हितं तरंगतोय बघ." म्हणून भाविकाने कोडमध्ये दोन ओळी टाकल्या. दोन आठवड्यांवर कोणाची फेरी जातच नाही, तेव्हा तेवढे दिवस झाले की बोट आपोआप किनाऱ्याला लागलेली दाखवायची. टाकल्या आणि विसरली.

मग ते वादळ आलं.

बाकीच्या बोटी कशाबशा परतल्या. कुंदनची 'देवकृपा' नाही आली. वायरलेसला उत्तर नाही, हेलिकॉप्टर फिरून गेलं, काही नाही. कुंदनची आई लाडकी, बंदरावर मासळी विकणारी, नवरा आधीच गेलेला, हा एकच पोरगा. त्या दिवसापासून तिची टोपली दारात पालथी. रोज सकाळी ती खिडकीशी यायची, निळ्या पाण्यातली आपली बोट बघायची आणि परत जायची. भाविका मान वर करायची नाही.

आणि एका सकाळी भाविकाने ऑफिस उघडलं, कॉम्प्युटर चालू केला, पाण्याची कळशी भरून आत आली, तर लाडकी समोर. धुतलेलं लुगडं, डोक्यावर टोपली.

"चिठ्ठी दे गो. दोन लाद्या बर्फ."

"कशाला, मावशे?"

"कशाला म्हंजे? बोट लागली ना माजी. कुंदन मासली उतरवील, तवर बर्फ नको?"

भाविकाने स्क्रीनकडे बघितलं. 'देवकृपा' किनाऱ्याला उभी. बाकीच्या बोटींच्या रांगेत, नीट.

कळशी तिने खाली ठेवली. त्या दोन ओळी. मशीन बिघडलंय म्हणावं, तात्या येतील, तात्या सांगतील, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण लाडकीचा एक पाय बंदराच्या दिशेने वळलेलाच होता. तिथे जाऊन ती रिकाम्या धक्क्यावर उभी राहिली असती, टोपली घेऊन.

"मावशे, बोट नाय आली," भाविका म्हणाली. "मीच तसं लिवून ठेवलं व्हतं. लई दिवस झाले की आली असंच धरायचं. कोनी सांगत नाय म्हनून."

लाडकीने टोपली उतरवली. बाकावर बसली, टोपली मांडीवर. तिच्या काठावरून अंगठा फिरवला.

"मंग तिला परत पान्यात सोड," ती म्हणाली. "माज्यासमोर."

भाविकाने लॉगिन केलं. फाइल उघडली, दोन्ही ओळी पुसल्या, लॉगआउट केलं. 'देवकृपा' परत वर, निळ्यात, एकटी.

"आता कोनी सांगितल्याबिगर लागायची नाय ना?"

"नाय."

"कोनाचीच?"

"कोनाचीच नाय, मावशे."

एवढ्यात तात्या आले. दारातच ऐकून त्यांना सगळं कळलं. ते हळूच भाविकाला म्हणाले, "काढून टाक नाव. सरकारी कागदावर बेपत्ता लागलंय. बाईचा जीव रोज कशाला टांगायचा?"

लाडकीने ऐकलं. "तात्या, तुमच्या कागदाचं तुमी बगा. निगाली ती मी बगितली. बुडाली ती कोनी बगितली?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते आत गेले.

ओळी गेल्या, तसा जुना घोळ परत आला असता. नाही आला. लाडकीने लिलावात दुसऱ्यांची मासळी घेऊन धंदा परत सुरू केला, धक्क्याच्या तोंडाशीच बसून. बोट लागली की तांडेल उतरायच्या आत ही खिडकीशी. ओल्या हाताने काच वाजवायची.

"'जलरानी' लागली. लिव."

भाविका लिहायची, स्क्रीन लॉक करायची. चित्रातली बोट सरकत सरकत किनाऱ्याला यायची. ती टेकेपर्यंत लाडकी हलायची नाही. मग नजर वर, त्या एका बोटीकडे, जरा वेळ.

"येते गो," म्हणायची, आणि परत धक्क्यावर जाऊन बसायची.