पाठीमागं बघणारे गणपती

मी बोलतोय, डोळ्यांवर बांधायचा डबा. शिकलेले लोक मला व्हीआर हेडसेट म्हणतात. ठमाबाई ‘घोड्याची झापडं’ म्हणते, आणि खरं सांगू, तिचंच नाव मला लागू पडतं.

चला, लावा पैज. माझ्या गोष्टीत एक मेलेली बाई हाय, तिचा नवरा हाय, आणि एकतीस गणपती हायत. शेवटी कोण काय गमावतं, ओळखून दाखवा. बाई आधीच गेलीय, तिला सोडा. गणपती पाण्यात जाणारच, त्यांनाही सोडा. उरला कोण? व्हय, तोच. पण काय गमावतो? तिथंच शाने लोक चुकतात.

मला अक्षर येत नाय. माझ्या अंगावर काय छापलंय तेपण दुसऱ्यानं वाचलं तेव्हा मला कळलं. जन्म कुठला ते खोक्यावर होतं म्हणे. खोका फैजलनं दुबईतच फेकला. फैजल रोह्याचा. तिकडं मोबाईलच्या दुकानात कामाला. श्रावणात सुट्टीवर येताना त्यानं मला दोन लुंग्यांत गुंडाळून आणलं, पेणच्या दोस्ताला द्यायला. दोस्त म्हणजे सुशील.

सुशील नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जातो, पण घरचा कारखाना गणपतीचा. त्याचा बाप महिपती आखणी करायचा. आखणी म्हणजे बाप्पाचे डोळे काढायचं काम. सगळं रंगकाम झालं की शेवटी. तोवर ती नुसती माती. चाळीस वर्षं ह्या माणसानं डोळ्यांशिवाय दुसरं काय काढलं नाय. दागिन्यांच्या बारीक रेघा सून काढायची, अनिता. आणि पांढऱ्या रंगाचा पहिला हात ठमाबाई मारायची.

पहिल्याच दिवशी मी ठमाबाईची खोडी काढली. सुशीलनं मला तिच्या डोळ्यांवर चढवलं आणि मी तिला समुद्र दाखवला. बाईनं गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेतलं! भर कारखान्यात, कोरड्या लादीवर! वर ओरडते, “सुशील्या, भरती आली रं, चपला उचल!” सगळे हसून लोळले. मला वाटलं, वा, हे घर आपल्याला मानवणार.

त्या दिवशी शांती पण हसली. शांती महिपतीची बायको. एका कोपऱ्यात बसून रंग कालवत होती.

सुशीलनं फैजलला विचारलं, “काय रे, ती लोकांचे फोटो न् गप्पा दाखवणारी कंपनी. फोनवर तिचं एवढं जोरात चाललंय. मग असल्या डब्यांत पैसा कशाला घालते?”

“फोनवर ती भाडोत्री हाय,” फैजल बोलला. “फोन बनवला दुसऱ्यानं. त्यातला बाजारपण दुसऱ्याचा. तो मालक उद्या बोलला, हिथं बसू नको, तर उचल पथारी! म्हणून तिला स्वतःचं घर पायजे. आणि जागा कुठं बघितली, तर माणसाच्या नाकावर.”

“परवडतं काय?” महिपतीनं विचारलं. ब्रश चालूच.

“आज तोटाच हाय, काका. पण माणूस आत येऊन बसायला पायजे. फोन बघताना चहा आला, माणूस मान वर करतो. बायको ओरडली, मान वर. ह्यात मान वर केली तरी वर हेच. खाली घातली तरी हेच.”

शांती बोलली, “मग ह्यांना नको देऊ रे बाबा. हे डबा नसतानाच मान वर करत नायत.”

“हं,” महिपती बोलला. मान वर केली नाय.

फैजलनं माझ्याबरोबर एक गोल कॅमेरा आणला होता, चारी बाजूंचं एकदम बघणारा. दुबईतल्या आपल्या लोकांना कारखान्याच्या मधोमध बसल्यासारखं वाटावं, म्हणून त्यानं तो एका पाटावर ठेवला, महिपती न् शांतीच्या मधे, दोघांपासून हातभर अंतरावर. अकरा मिनिटं सगळं टिपलं आणि माझ्यात भरलं.

आता त्या अकरा मिनिटांत काय हाय ते नीट ऐका.

गणपतीची नजर बरोबर लागली का, हे काढणाऱ्याला कळत नाय. समोर माणूस बसवावा लागतो, पूजेला बसतो तसा. महिपतीसमोर लग्नापासून शांतीच बसायची. तो विचारायचा, “बघतोय का गो?” ती बोलायची, “बघतोय.” नायतर बोलायची, “नाय वो, माझ्या मागं बघतोय.” मग तो बुबुळ केसभर सरकवायचा.

तर माझ्यात शांती एका गणपतीसमोर बसलीय. सातव्या मिनिटाला ती “बघतोय” बोलते. आणि मग नवऱ्याला हाक मारते, “अवो, हिकडं बघा की जरा. नाकाला रंग लागलाय काय माझ्या?” तीनदा बोलते. तीन वेळा तो खाली बघून “हं” करतो. बस, एवढंच. ह्यात भुताचं काय हाय, असं तुम्ही म्हणाल. तवा नव्हतंच.

पुढल्या चैत्रात शांती गेली. भाकऱ्या थापता थापता भिंतीला टेकली, ती टेकलीच.

पंधरा दिवसांनी सुशीलनं मला बापापुढं धरलं. “बाबा, आई हाय ह्यात.”

“मेलेल्या माणसाला डब्यात कोंडलास? काढ तो समोरून!”

मी फळीवर गेलो, रंगाच्या डब्यांशेजारी. पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा महिपतीनंच मला खाली घेतलं. उलटं बांधलं. मला हसू आलं. मग अनिता आली, तिनं मला सरळ केलं, बटण दाबलं आणि निघून गेली.

समोर शांती. हातभर अंतरावर. नाकाला पिवळा रंग.

“अवो, हिकडं बघा की जरा.”

महिपतीनं बघितलं. बघतच राहिला. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिची नजर त्याच्या उजव्या खांद्यावरनं मागं जात होती. त्यानं मान वळवली, तर मागं तोच बसलेला. त्या दिवशीचा महिपती. खाली मान घालून डोळे काढणारा. ती हाक त्याला होती, आणि तो मेला वर बघत नव्हता.

“अरे बघ की!” महिपती ओरडला. स्वतःलाच. “बघ ना रं तिच्याकडं!”

मग त्यानं काय केलं, तर मागं सरकला. तिच्या नजरेत बसायला. पण तो सरकला की माझ्यातली अख्खी खोली त्याच्याबरोबर सरकायची. शांती सरकायची, मागचा महिपती सरकायचा. हा भिंतीपर्यंत गेला, डोकं आपटलं, तरी ती खांद्यावरनंच बघत होती. माझ्या कडेचा फोम ओला झाला.

मी थांबवू शकलो असतो. चार्जिंग संपल्याचं सोंग मला येतं, ठमाबाईला चार वेळा फसवलंय. पण नाय थांबवलं. मला बनवलंच माणसाचे डोळे धरून ठेवायला, आणि एवढे डोळे लावून मला कुणी बघितलं नव्हतं. मला चढली. रोज दुपारी यायचा. मग सकाळीपण.

आषाढ सरला, श्रावण आला, आखणी सुरू झाली. रोह्याच्या एका आळीतले एकतीस गणपती दरवर्षी महिपतीकडनंच जातात. अनिता बोलली, “मामंजी, मी बसते समोर.”

“नको. माझं माणूस हाय.”

आणि त्यानं काय केलं, ऐका. डोळे काढायचा. मग मला बांधायचा, सातव्या मिनिटावर न्यायचा. शांती बोलायची, “बघतोय.” झालं! मला काढायचा आणि गणपती बाजूला ठेवायचा. पुढचा. परत शांती, परत “बघतोय.” जो गणपती तिनं कधी बघितला नाय, त्याला ती पास करत होती.

आणि हात? दिवसभर जी नजर खांद्यावरनं जाते, तीच हळूहळू सरळ वाटायला लागते. एकतीसच्या एकतीस गणपती समोरच्या माणसाच्या उजव्या खांद्यावरनं मागं बघायला लागले. केसभरच. पण नजरेला केसभर खूप झालं.

ठमाबाई लादी पुसताना गर्रकन वळली. “कोण आलं?”

“कोण नाय,” अनिता बोलली.

“हा बघतोय ना कुणाकडं तरी.” त्या दिवसापासून ठमाबाई दाराकडं पाठ करून बसेना.

अनिता सासऱ्याला बोलली, “मामंजी, नजर हललीय.”

“तुझ्या सासूला विचारलंय मी,” महिपती बोलला. विषय संपला.

हरतालिकेच्या सकाळी रोह्याहून धोंडुबाईचा फोन आला. आळीचे गणपती तिच्या पडवीत उतरतात, संध्याकाळी ज्याचा तो घरी नेतो. म्हातारी फोनवर एवढंच बोलली, “महिपती, ब्रश घेऊन ये.”

पोपट टेम्पोवाल्याबरोबर महिपती न् अनिता निघाले. मी पिशवीत. वडखळ गेलं, गडब गेलं, खड्ड्याखड्ड्याला माझी काच महिपतीच्या गुडघ्याला लागत होती. त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

धोंडुबाईच्या पडवीत एकतीस गणपती ओळीनं बसलेले. आणि आळीतल्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या. सगळ्या. मागं जागाच ठेवली नव्हती कुणी.

“ये,” धोंडुबाई बोलली. “सकाळपास्न बघतेय. हा माझ्याकडं बघत नाय. माझ्या मागं कोण हाय, सांग. आमचे म्हातारे जाऊन तीन वर्षं झाली. मला वाटलं, तेच आले. मी दोन कप चहा ठेवला रे, मेल्या!”

कुणी हसलं नाय.

“उद्या प्राणप्रतिष्ठा,” ती बोलली. “एकदा ती झाली की डोळ्याला ब्रश लागत नाय. मग पाच दिवस एकतीस घरांनी मागं वळून बघत आरती करायची काय? संध्याकाळच्या आत नीट कर. नायतर बसवणार नाय कुणी तुझा गणपती. औंदा नाय न् पुढंपण नाय.”

महिपती पहिल्या गणपतीसमोर बसला. बुबुळ सरकवलं. मग पिशवीतनं मला काढलं.

“हे काय?” धोंडुबाई बोलली. “डोळे बांधून डोळे काढतोस व्हय?”

“शांतीला विचारतो.”

माझा आवाज बाहेर येतो हे तो विसरला होता. सातवं मिनिट आलं आणि चार महिन्यांमागं चितेवर गेलेली शांती सगळ्यांच्या मधोमध बोलली, “बघतोय.”

एका बाईनं लेकराचे कान झाकले. धोंडुबाईनं पदर डोक्यावर घेतला. पण म्हातारी खमकी. उठली, गणपतीसमोर मांडी घालून बसली आणि बोलली, “शांती कधी खोटं बोलली नाय. पण ती ह्या गणपतीसमोर बसली नव्हती, महिपती. मी बसलेय. हा माझ्या मागंच बघतोय.”

त्यानं परत सरकवलं. “मागंच.” परत. “मागंच बघतोय रे.” चौथ्यांदा ब्रश टेकवताना त्याचा हात थांबला. ऊन पडवीच्या पायरीवर आलं होतं.

अनितानं हात पुढं केला. “मामंजी, तुमचा हात आता तिकडंच जातोय. ब्रश द्या.”

“तू कधी काढलेस डोळे?”

“तुटक्या मूर्तींवर काढते. तुम्ही जेवायला गेलात की. पाच वर्षं झाली.”

त्यानं ब्रश दिला नाय. मुठीत धरला. तेवढ्यात त्यानं पडवीवरनं नजर फिरवली. भिंतीला चिकटलेल्या बायका, झाकलेले कान. त्यानं मूठ उघडली.

“तुम्ही समोर बसा,” अनिता बोलली. “सासूबाईंच्या जागेवर.”

महिपती बसला. अनितानं बुबुळ सरकवलं. “बघतोय का, मामंजी?”

त्याला मान वर करावी लागली. पहिल्यांदा ‘मागं’ बोलला. दुसऱ्यांदापण ‘मागं’. तिसऱ्यांदा बोलला, “बघतोय.” धोंडुबाई त्याला ढकलून स्वतः बसली, डोळे बारीक केले आणि कानशिलावर बोटं मोडली. असं एकतीस वेळा झालं. एकेक बाई भिंतीपासनं सुटून पुढं आली. दिवेलागणीला पडवी रिकामी होती.

मी आता पेणला, फळीवर. महिपती मला बांधत नाय, पुसूपण देत नाय कुणाला. पण ठमाबाई ऐकते काय! तिचं फडकं माझ्या आतल्या बाजूवर पडलं की मला वाटतं कुणी डोळे लावले, मी जागा होतो आणि शांती बोलते, “अवो, हिकडं बघा की जरा.” महिपती दर वेळेला बघतो. हातातलं काम टाकून बघतो. खोडी काढून काढून मी थकलो, बाबांनो, पण ही खोडी मी काढत नाय, आपोआप होते; चार्जिंग संपल्याचं सोंग घ्यायच्या आत शांती बोललेली असते. कुणी माझी वायर लपवा. माझं चार्जिंग एकदा कायमचं संपू द्या, एवढं मागणं हाय.

औंदाच्या आखणीला धोंडुबाई स्वतः पेणला आली. अनिता ब्रश घेऊन बसलेली, महिपती समोर मांडी घालून. म्हातारी बोलली, “सून चांगलं काढते, पण माझ्या गणपतीचे डोळे तूच काढ, महिपती. एवढा एकच.”

महिपतीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

“माझे संपले, बाय. अनिताचे घेऊन जा.”