आडवी नको, उभी ठेवा

मी एक जुनी निसणी आहे. शाळेत तुम्ही मला शिडी म्हणता. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत, अगदी शेवटच्या गल्लीत, दगूबाईचं मातीचं दोन खणी घर आहे. तिथे मी राहते. माझी कहाणी ऐकून भीती वाटली तर खुशाल भ्या, मित्रांनो. मी स्वतःच स्वतःला पुष्कळदा भ्यायले आहे.

खरं सांगायचं तर मला निसणी व्हायचंच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी दगूबाईला ताप चढला आणि एका सकाळी तिचा श्वास कुणाला जाणवेना. गेली, म्हणाले सगळे. तिचा नवरा लोटनबापा ओट्यावर डोक्याला हात लावून बसला. शेजाऱ्याने खांडबाऱ्याच्या बाजारातून दोन हिरवे बांबू आणलेले होते, ते उचलून आणले आणि माणसं अंगणात तिरडी बांधायला बसली. ती तिरडी म्हणजे मी. तीन आडव्या काठ्या बांधून झाल्या होत्या. चौथीला सुतळी गुंडाळणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "माले पानी द्या."

काय सांगू! बांधणारे मला तिथेच टाकून पळाले. लोटनबापा तेवढा आत धावला. त्याने पाणी पाजलं आणि बायकोचे पाय धरून लहान पोरासारखा रडला.

दगूबाई महिनाभरात हिंडू-फिरू लागली. गाव म्हणालं, हे बांबू नदीत सोडून दे. पण लोटनबापा महाचिकट माणूस. चांगला बांबू वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने वर आणखी सात काठ्या बांधल्या आणि माझी निसणी केली. खालच्या तीन काठ्यांच्या गाठी मात्र त्याने सोडल्या नाहीत. त्या तिरडीच्याच राहिल्या.

मित्रांनो, वस्तू ज्या कामासाठी बांधायला घेतात, ते काम तिच्या अंगात मुरतं. माझी तिसरी पायरी कुणी पाय न ठेवताही करकरायची. लोटनबापाला ते कळलं असावं. काम झालं की तो मला अंगणातल्या निंबाला टेकवायचा आणि दगूबाईला बजावायचा, "हिले उभीच ठेवजो. आडवी नको."

मी त्या घराची पुष्कळ सेवा केली. दरवर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, लेकी माहेरी येण्यापूर्वी, लोटनबापा माझ्यावर चढून दर्शनी भिंतीला चुन्याचा हात द्यायचा. लोक म्हणायचे, घर लहान आहे, पण कसं धुतल्या धोतरासारखं दिसतं! मला मात्र कुणी मागायला येत नसे. सगळ्यांना माझी जन्मकथा ठाऊक होती ना.

पाच वर्षांपूर्वी लोटनबापा गेला. त्याच्यासाठी नवे बांबू आले. त्या गर्दीत कुणीतरी मला निंबापासून उचललं आणि वळचणीखालच्या दोन खुंट्यांवर ठेवून दिलं. आडवी.

भिंतीच्या पलीकडे दगूबाईची खाट होती. माझी तिसरी पायरी नेमकी तिच्या छातीशी आली.

तेव्हापासून बाई खंगू लागली. आधी गुडघे गेले, मग धाप लागायला लागली. दुखवट्याचं वर्ष सरलं तरी भिंतीला चुना लागला नाही. पावसाने माती खाल्ली, भेगांतून गवत उगवलं, वाटसरूंना वाटायचं की घर रिकामं आहे. आणि मी? दुपारी ती झोपली की तिच्या श्वासाबरोबर माझी पायरी करकरायची. तिचा श्वास मंदावला की माझ्या त्या तिरडीच्या गाठी आपोआप आवळायच्या. मी तिचं माप घेत होते, मित्रांनो. मला ते नको होतं, पण थांबवता येत नव्हतं.

यंदा सुरतेहून तिच्या लेकीचा, रूपालीचा फोन आला. अखाजीला येते आहे, पण घर असंच पडकं असेल तर कुलूप लावून तुला घेऊन जाईन, असं तिने स्पष्ट सांगितलं. दगूबाईला तिथे जाऊन खिडकीशी बसून राहायचं नव्हतं. तिने भिला गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, सिमेंट मारू. ती म्हणाली, मातीच्या भिंतीवरचं सिमेंट पावसाळ्यात पापडासारखं सुटतं, तू माती आण. मग भुसा घालून माती मळली, भेगा बुजवल्या, भिंत सारवून वाळवली. राहिला वरचा चुना. भिलाने मला खुंट्यांवरून काढलं, माझ्या गाठी पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"माय, हिनावर मन्हा पाय पडत नही," तो म्हणाला.

दगूबाईने पदर खोचला. "बांबू मन्हासाठे आणेल व्हतात. मंग मीच चढस."

भिलाने नाइलाजाने मला भिंतीला टेकवून घट्ट धरलं. दुखरा गुडघा हाताने उचलत तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसरीवर. तिसरीवर तिचं सगळं वजन आलं आणि माझी जुनी सुतळी तटतट वाजली. याच ओझ्याची मी चाळीस वर्षं वाट पाहत होते. एक गाठ सोडली असती की झालं असतं. पण तिचे तळवे गरम होते. जिवंत माणसाचे. मी दात आवळून धरून राहिले. ती वर गेली, कुंचला चुन्यात बुडवला आणि वळचणीपर्यंत भिंत पांढरी करून खाली उतरली. न्यायचं होतं तेच ओझं मी नेलं, फक्त उभं नेलं. त्या दिवसापासून तिसरी पायरी करकरली नाही.

रूपाली अखाजीला आली आणि घर ओळखू न आल्याने दोन दारं पुढे निघून गेली. दगूबाईने ओट्यावरून हाक मारली. लेक चार दिवस राहिली आणि कुलूप जसंच्या तसं पिशवीतून परत घेऊन गेली. जाण्याआधी आवराआवर करताना ती मला उचलून खुंट्यांवर ठेवायला निघाली होती.

"ऱ्हाऊ दे," दगूबाई म्हणाली. "उभी ऱ्हाऊ दे."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझी सुतळी बदला, मला वाळवी लागू देऊ नका. पण मला आडवी ठेवू नका. दगूबाईवर माझा फार जीव आहे, आणि आडवी पडले की मला माझं पहिलं काम आठवतं.