चक्रबाबा आणि पाटाचं दार

रविवारी सकाळी बंद गिरणीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतींवर माणसं, रंगखात्याच्या पत्र्यावर माणसं आणि मधोमध, पाणचाकाच्या खड्ड्यापाशी, चटईवर चक्रबाबा.

"या गिरणीत राबून गेलेले जीव अजून इथेच आहेत," बाबा डोळे मिटून सांगत होते. "मी हाक मारतो, ते येतात. चाक फिरलं की पाणी घ्या. छातीचा रोग राहणार नाही."

मग वीस मिनिटं पुटपुटणं. आणि खरंच, बावीस वर्षं कोरड्या पडलेल्या पाटातून पाणी आलं आणि दोन पुरुष उंचीचं ते लोखंडी चाक फिरू लागलं. बायका रडल्या. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाटली घेऊन पुढे सरकली.

मी मात्र चाकाचा आवाज ऐकत होतो. मी या गिरणीतला फिटर. एकवीस वर्षं या चाकाला तेल घातलं. इतकी वर्षं उभं असलेलं चाक फिरताना किंचाळायला हवं. हे तर मुकाट फिरत होतं. म्हणजे कुणीतरी वंगण घातलं होतं.

खरं तर एवढंही डोकं चालवायची गरज नव्हती. हा पाट खणणाऱ्यांत माझे आजोबा होते. नदीच्या बंधाऱ्यावर लोखंडी दार, तिथून गावाखालून झाकलेला पाट, शेवटी चाक आणि चाकावर साठ माग. वीज आली तरी मालकाने पिंजणखातं चाकावरच ठेवलं, कारण पाणी फुकट. दारवाला सहा चाळीसला दार उघडायचा, पाणी पोचून सातला चाक फिरायचं. या वीस मिनिटांवर अख्ख्या गावाने चूल पेटवली, डबे भरले. गर्दीतले निम्मे लोक गिरणीतलेच, आणि तेच डोळे पुसत होते. माझं डोकं फिरलं ते यामुळे.

घरी अक्काला विचारलं, "तुझा श्वासाचा पंप कुठाय?"

"बंद केला. औषध आत असलं की पाणी लागू पडत नाही, असं बाबा म्हणाले."

"आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"त्या म्हणतात, पिंजणखात्यातला कापूस छातीत बसलाय, रोग फक्त ताब्यात राहील. बाबा म्हणतात, बरा होईल. माझ्या जागी तू कुणाचं ऐकलं असतंस?"



गुरुवारी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर खाली बसली. ओठ निळे. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर "माझाच विश्वास कमी पडला."

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊलाच मी आणि डॉक्टरीणबाई बंधाऱ्यावर गेलो. दहाला बाबांचा चेला मोटरसायकलवरून आला. घड्याळ बघत त्याने दाराच्या दांड्याला हँडल लावलं. दांड्यावर ताजं ग्रीस चकाकत होतं. आम्हाला पाहताच हँडल तिथेच टाकून तो पळाला. बाई तिथे थांबल्या, मी गिरणीत आलो.

बाबा पाऊण तास पुटपुटत होते. चाक जागचं हललं नाही. "कुणीतरी अश्रद्ध आलंय," ते म्हणाले.

"मीच तो," मी म्हणालो आणि सगळ्यांसमोर फोन लावला. "बाई, उघडा दार." मग लोकांना सांगितलं, "आता अकरा वाजलेत. अकरा वीसला चाक फिरेल. मी काही पुटपुटणार नाही."

अकरा वीसला चाक फिरलं.

बाबा क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "पाहा, आमची शक्ती याच्यात उतरली." आणि एका म्हाताऱ्या विणकराने चक्क मला हात जोडले. त्या क्षणी मला रडावं की हसावं कळेना.

मी त्याचे हात खाली घेतले. "तू तीस वर्षं मागावर होतास. तेव्हा रोज सातला चाक कोण फिरवायचं?"

"पाणी."

"आणि पाणी कोण सोडायचं?"

"दारवाला." तो चाकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वीस मिनिटं. आपल्याला पाठ होतं की हे."

गर्दी हळूहळू पांगली. संध्याकाळपर्यंत बाबांनीही चटई गुंडाळली. काहीजण अजून म्हणतात, मी पुण्याईचं काम मोडलं. अक्का पंप घेते, पण माझ्याशी तुटक बोलते. बाबांनी तिला बरं होण्याची आशा दिली होती, मी ती काढून घेतली. तिचा राग मला समजतो.

पण म्हणून खोट्या आशेवर माणसाचा श्वास टांगायचा नसतो. आपण अडाणी नव्हतो. आपल्याला ठाऊक होतं आणि आपण विचारलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी उठा, तो कुठून येतो ते स्वतः जाऊन बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाचंही औषध बंद करू नका.