सीटच्या दांडीवरची पाचवी खूण

ते साल होते १९५४. त्या वर्षी दसऱ्याच्या थोडे आधी दापोडीत माझा जन्म झाला, आणि मित्रांनो, तेव्हापासून मला एका जागी राहवत नाही. मी एक जुनी सायकल आहे. सध्या सांगवीतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली उभी आहे. दोन्ही चाकांत हवा नाही. तरीही कोणी जिना धडधडत उतरले की माझे पुढचे चाक आपोआप रस्त्याच्या बाजूला वळते. त्याला वाटते, निघायची वेळ झाली.

मी एका ठिकाणी बनलेली नाही. माझा सांगाडा खडकीच्या लष्करी लिलावातला, चाके पुण्याच्या जुन्या बाजारातली आणि हँडल कोणाच्या तरी मोडक्या सायकलीचे. हे सगळे जोडले ते कारखान्यात काम करणाऱ्या चौघा मित्रांनी. त्यांत वडीलधारे होते उद्धवराव. ते मूळचे दापोडीचेच. घरी गोठा, थोडी शेती आणि हातात फिटरचे काम, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दत्तोबा नगर जिल्ह्यातून आलेले, ताडासारखे उंच. बबनरावांचे तोंड सदा चालू, तर मालोजी बुटके आणि अबोल. पाटी रंगवली ‘दापोडी हौशी सायकल मंडळ’. मंडळात माणसे चार आणि सायकल एक!

मग व्हायचे काय, की प्रत्येक जण माझ्यावर बसण्याआधी सीट वर-खाली करायचा. त्यावरून रोज बाचाबाची. शेवटी मिस्त्रींनी तोड काढली. सीटच्या खाली जी पोकळ दांडी असते, तिच्यावर त्यांनी लोखंड घासायच्या कानशीने खाचा पाडल्या. ज्याची खाच त्याने सांगाड्याच्या तोंडाशी आणायची आणि नट आवळायचा. उंच माणसाला दांडी जास्त बाहेर काढावी लागते, म्हणून दत्तोबांची खूण सगळ्यांत खाली आली. तिच्यावर मिस्त्रींची, मग बबनरावांची, सर्वांत वर मालोजींची. कारखान्यातल्या माणसांचे काम ते. खाचा अशा सरळ की पाहत राहावे.

पहिल्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मलाही बसवले. हळदकुंकू झाले, झेंडूची माळ घातली. मग मिस्त्री म्हणाले, “आपापली खूण उजळून घ्या रे. वरीसभर दिसली पायजे.” प्रत्येकाने आपल्या खाचेवरून कानस एकदा फिरवली. मिस्त्रींनी मात्र तीनदा. मंडळाचे प्रमुख ना ते! पुढे ही रीतच पडली.

त्या दिवसांत मी पळत होते, पळत होते. सकाळी दत्तोबा शर्यतीचा सराव म्हणून मला देहूरोडपर्यंत दामटत. ते पहाटे निघत, आठला परत येत आणि मला घराच्या ओट्याला टेकवून मालोजींबरोबर कामावर जात. दुपारी दीड वाजता बबनराव मला घेऊन दुसऱ्या पाळीला निघत. या दोहोंच्या मध्ये मी नुसती उभी. मला ते सहन होत नसे.

दत्तोबांच्या बायकोलाही ते सहन होत नव्हते. तिचे नाव शालनबाई. माहेर चऱ्होलीचे. तिथे तिची आई छबूबाई एकटीच राहायची, आणि तिची नजर गेली होती. भोसरीवरून, दिघीवरून गेले तर आठ मैल. चालत जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला परतणे म्हणजे पायाचे तुकडे. बैलगाडी मिळेल तेव्हा खरी. शालनबाई ओट्यावर धान्य निवडत बसायची आणि माझ्याकडे पाहायची. मी तिच्याकडे पाहायचे. आम्हा दोघींनाही जायचे होते.

एके दिवशी तिने नवऱ्याला सरळ विचारले, “मला शिकवता का?”

दत्तोबा हसले नाहीत. रेल्वे रुळांच्या बाजूच्या माळावर त्यांनी आठ दिवस मला मागून धरले. नववारीचा काष्टा घट्ट मारलेला असल्यामुळे माझी आडवी दांडी तिला नडली नाही. नवव्या दिवशी ती एकटीच गेली. तिने दत्तोबांच्या कानशीने माझ्या दांडीवर, मालोजींच्याही वर, आपली खूण केली. केसाएवढी बारीक रेघ. मला गुदगुल्या झाल्या.

ती पाचवी खूण मिस्त्रींच्या नजरेतून सुटते कशी?

“ही कुणाची?” त्यांनी विचारले. दत्तोबांच्या ओट्यावर चौघेही जमले होते.

“आमच्या मंडळींची,” दत्तोबा म्हणाले. “आईला बघायला जाते.”

“दत्तोबा, ह्ये मंडळ हौशी हाय. पर बायकांचं न्हाई.”

“का हो मिस्त्री?” बबनराव मध्येच बोलले. “हौस काय मिशीवाल्यांनाच असते? तसं असेल तर या मालोजीला आधी काढा. याला अजून धड मिशी फुटली नाही!”

सगळे हसले. मालोजीसुद्धा. मिस्त्रींनाही हसू आले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मग ते म्हणाले, “बरं. दीडच्या आत सायकल ओट्याला लागली पायजे. आन् सायकलीला कायबी झालं, तर त्या दिवसापासनं बंद. पुन्हा माझ्याकडं यायचं न्हाई.”

“न्हाई यायची, मामा,” शालनबाई आतून म्हणाली.

मित्रांनो, ते माझे सर्वांत चांगले दिवस. आठवड्यातून दोनदा आम्ही निघायचो. उन्हात, धुळीत, मागे लागलेल्या कुत्र्यांना चुकवत. चऱ्होलीच्या वळणावर शालनबाई माझी घंटी तीनदा वाजवायची. त्या आवाजाबरोबर छबूबाई भिंत चाचपत दारात यायची. “आलीस का गं, शालन?” मग डोक्याला तेल, चार भाकऱ्या, पाण्याचे दोन हंडे, आणि लगेच परत. शालनबाईचा एक डोळा सदा उन्हावर असायचा. भिंतीची सावली अमुक दगडापर्यंत आली की उठायचेच. एकदाही आम्हाला उशीर झाला नाही.

मात्र मला आतून एक गोष्ट खुपत होती. तिसऱ्या खंडेनवमीला मिस्त्रींनी आपल्या खाचेवर कानस फिरवली तेव्हा तिथे केसासारखी चीर गेली. लोखंडाला आपले दुखणे कळते, पण सांगता येत नाही. मी कुरकुरले. दत्तोबा म्हणाले, “मिस्त्री, सीटखाली आवाज येतोय.” मिस्त्रींनी तेल घातले. मी पुन्हा कुरकुरले. त्यांनी पुन्हा तेल घातले.

१९५७च्या पंधरा ऑगस्टला शर्यत ठरली. भोसरी ते चाकण आणि परत. खडकीचे मंडळ आले होते, चकचकीत नव्या सायकली घेऊन. चाकणहून वळेपर्यंत दत्तोबा पहिले होते. मोशीचा पूल ओलांडून चढ लागला. त्यांनी जोर केला, आणि काडकन दांडी तुटली. सीट रस्त्यावर उडाली. दत्तोबा हँडलवर आपटले, कोपर फुटले, पण पाय काही टेकला नाही.

मिस्त्री भाड्याच्या सायकलीवर मागून येत होते. “मिस्त्री, सीट उचला! मी जातो पुढे!” दत्तोबा ओरडले, आणि पुढचे साडेतीन मैल त्यांनी उभ्यानेच मला हाकले. बसायचे म्हटले तर खाली तुटक्या दांडीचे टोक! आम्ही शेवटून पहिले आलो.

“दत्तोबा, खुर्ची कुठं विसरलास?” बबनराव म्हणाले. लोक खदखदून हसले. बबनरावांना दत्तोबांचे रक्त नंतर दिसले.

मग मालोजी हळूच बोलले, “वरची खूण नवी होती. तिथंच तुटलं असणार.” मनात काही वाईट नव्हते त्यांच्या. पण सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी सीट आणि तिला चिकटलेला तुकडा उपरण्यात गुंडाळला होता. सांगाड्यात अडकलेला तुकडाही त्यांनी पान्याने सोडवून घेतला. “बघतो म्या,” एवढेच ते म्हणाले. एकदा मिस्त्री बघतो म्हणाले की पुन्हा कोण विचारणार?

बायकांच्या घोळक्यात शालनबाई उभी होती. तिने सगळे ऐकले.

मला मिस्त्रींच्या गोठ्यात आढ्याला दोरीने टांगले. मित्रांनो, सायकलीला टांगणे म्हणजे काय ते तुम्हाला कसे सांगू? खाली बैल रवंथ करतात, वारा येतो, चाक आपले फिरते, आणि आपण कुठेच जात नाही. उपरण्याची गुंडाळी समोरच्या कोनाड्यात होती. तिच्यात काय आहे हे मला माहीत होते. मिस्त्री रोज तिच्याकडे पाहत आणि रोज तोंड फिरवत.

चौथ्या दिवशी शालनबाई आली.

“मामा, माझी खूण तेवढी दाखवा.”

“काय करायचं बघून?”

“तिथं तुटलं असंल तर मी पुन्हा सायकलीला शिवणार न्हाई. पर दाखवा.”

मिस्त्रींनी बैलापुढचा कडबा उगाच सारखा केला. “उद्या बघू,” ते म्हणाले. शालनबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि ती गेली. उद्या काही आला नाही. मी ऐकले की ती पायी चऱ्होलीला जाऊन आली, पाय सुजले, आठ दिवस पडून होती. त्यानंतर आणखी एकदाच गेली. सात आठवड्यांत फक्त दोनदा!

खंडेनवमी आली. मला खाली उतरवून मिस्त्रींच्या ओट्यावर उभे केले. पाटावर पाने, पकडी, हातोड्या, कानशी मांडल्या. माळा घातल्या. शालनबाई ताट घेऊन नवऱ्यामागे उभी होती. मालोजींनी उदबत्ती लावली. तेवढ्यात मिस्त्रींनी उपरणे सोडले आणि दोन्ही तुकडे पाटावर ठेवले.

“मालोजी, जोडून बघ.”

मालोजींनी तुकडे जुळवले. वरच्या तुकड्यावर केसाएवढी रेघ तशीच होती, शाबूत. तिच्याखाली त्यांची स्वतःची खाच शाबूत. बबनरावांची शाबूत. दांडी तुटली होती ती मिस्त्रींच्या खाचेवर. निम्मी जखम गंजून काळी पडलेली, निम्मी ताजी.

बबनरावांनी वाकून ती गंजलेली कड बोटाने चाचपली.

“तीन वरसं म्याच कापत हुतो तिला,” मिस्त्री म्हणाले. “पूजा म्हणून. आवाज आला तर तेल घातलं. फिटर म्हणवतो सोताला! मोशीच्या चढावरच मला दिसलं हुतं सगळं. पर बोलाय जीभ उचलंना.” ते शालनबाईकडे वळले. “मागच्या सोमवारी बैल बघाय चऱ्होलीला गेलो हुतो. भाड्याच्या सायकलीला आपल्या सायकलीचीच घंटी लावली हुती. वळणावर वाजवली. तर एक म्हातारी भिंत चाचपत भाईर आली. म्हनली, आलीस का गं, शालन? म्या तोंड उघडलं न्हाई. ती लई येळ उभी हुती, पोरी. आत जाईच ना.”

शालनबाईने ताट खाली ठेवले.

मिस्त्रींनी नवी दांडी पुढे केली. लेथवर त्यांनी स्वतः केलेली, जाड, गुळगुळीत, एकही खाच नसलेली. सोबत लाल रंगाची डबी. “आता खुणा रंगाच्या. पयली तुझी.”

“रंग मागनं,” शालनबाई म्हणाली. “आधी घंटी द्या.”

तिने घंटी लावली. दत्तोबांनी सीटसकट नवी दांडी बसवली, सीट खाली केली, नट आवळला. शालनबाईने मला ओट्यावरून उतरवले, माळ आणि हळदकुंकवासकट.

“अहो वहिनी!” बबनराव घाबरून म्हणाले. “आज खंडेनवमी. आज हत्यार चालवत नाहीत!”

“जाऊ दे तिला,” मिस्त्री म्हणाले. “सात आठवडं टांगून पूजाच केली की हिची.”

आणि आम्ही सुटलो. भोसरी गेली, दिघी गेली, झेंडूच्या पाकळ्या वाटभर सांडल्या. वळणावर घंटी तीनदा वाजली. दार उघडेच होते.

पुढे कोणाचे काय झाले ते सांगते. छबूबाई आणखी दोन वर्षे जगली. शेवटच्या दिवशी शालनबाई तिच्याजवळ होती. उद्धवराव मिस्त्री निवृत्त होईपर्यंत नव्या शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी ते दोन तुकडे दाखवत आणि म्हणत, “ही खाच माझी.” त्यांच्यामागे ते तुकडे त्यांच्या देवघरात सापडले. दत्तोबा शर्यत कधीच जिंकले नाहीत. एकदा तिसरे आले. त्यांचे ते कोपर पावसाळ्यात दुखायचे. मालोजी रत्नागिरीला आपल्या गावी परत गेले. जाण्याआधी त्यांनी शालनबाईची माफी मागितली, ती पण इतक्या हळू की तिला दोनदा विचारावे लागले. बबनरावांनी सांगवीत सायकलींचे दुकान काढले. माणसे स्कूटर घेऊ लागली, मंडळ विरले, मग तीच पाटी त्यांनी दुकानाच्या मागच्या भिंतीला लावली. शालनबाई साठी उलटेपर्यंत मला चालवत होती. आता ती नाही. तिच्या नातीच्या घराचा हा जिना आहे.

मित्रांनो, नात भली आहे. दर दसऱ्याला ती मला पुसते, हार घालते, फोटो काढते. पण तुमच्या घरात कोणी माझ्यासारखे कुरकुरत असेल, तर लगेच तेल घालून गप्प करू नका. कुठे दुखते ते वाकून बघा. आपलीच खाच निघाली, तरी त्याच दिवशी सांगा. सात आठवडे फार असतात.

आणि मला हार नको. दोन्ही चाकांत हवा भरा. घंटी अजून वाजते.