भित्र्या बापाचे रीटेक

लोक मला ओळखतात, पण वचकून कुणी नसतं. रस्त्यात मी दिसलो की आधी हसतात, मग निरखून खात्री करून घेतात आणि मग सोबतच्यांना सांगतात, "तो बघ, भित्रा बाप." मी वळून हात हलवतो. न वळता पुढे जायलाही हिंमत लागते, आणि ती माझ्याकडे नाही.

त्याचं असं आहे की एका बिघडलेल्या लिफ्टवर चित्रपट निघाला, तो धो धो चालला आणि मग त्याचे भाग निघत गेले. सध्या चौथ्याचं चित्रीकरण चालू आहे. नायक लिफ्टमध्ये शिरतो, चुकीचं बटण दाबतो आणि भूतकाळात उतरतो. तिथे त्याला त्याचा तरुण बाप भेटतो. हा बाप इतका भेदरट, की लग्नाची मागणीसुद्धा मित्राच्या हाती पाठवतो आणि तो मित्रच बोहल्यावर चढायच्या बेतात असतो. नायक बापाच्या अंगात धीर भरतो, वर्तमानात परत येतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत घरी ताठ मानेचा, करारी बाप बसलेला सापडतो. टाळ्या पडतात. पुढच्या भागात कुणीतरी भूतकाळात पुन्हा काहीतरी उपद्व्याप करून ठेवतं आणि बापाचं परत भिजलेलं मांजर होतं. माणसं वजन उतरवून पुन्हा वाढवतात, तसा मी दर भागात शूर होतो आणि पुढच्या भागात मूळपदावर येतो.

तर तो बाप मी. माझ्याबद्दल एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'हा माणूस अभिनय करतोय असं वाटतच नाही.' ही स्तुती आहे की दुसरं काही, हे मी बायकोला विचारलेलं नाही. ती खरं सांगेल.

शूर बापाचं मात्र एक गुपित आहे. त्याचा चेहरा माझा, आवाज माझा नाही. पहिल्या भागात मला खलनायकासमोर म्हणायचं होतं, "आजपासून या घरात माझा शब्द चालेल." मी ते अशा काही सुरात म्हणालो की समोरचा नट भूमिका विसरून म्हणाला, "चालेल की, तुम्ही बसा ना." तेव्हापासून शेवटच्या दहा मिनिटांना एक आवाजाचा कलाकार बोलावतात. युनिटमध्ये त्याला सगळे खर्जवाला म्हणतात. मी ओठ हलवतो, तो गरजतो. या आवाजातल्या बदलासाठी मला एक पुरस्कारही मिळाला. आभाराचं भाषण मी माझ्याच आवाजात केलं, तेव्हा लोकांना वाटलं की मी अजून भूमिकेत आहे. खूप हसले.

दुसरी माझी ख्याती रीटेकची. वाक्य चुकलं की इतर नट जागच्या जागी पुन्हा म्हणतात. मला ते जमत नाही. मी "सॉरी, परत एकदा घेऊ या" म्हणतो, दाराबाहेर जातो, श्वास घेतो आणि पहिल्यापासून आत येतो. दिग्दर्शक हात जोडतो, "अहो, वाक्य चुकलंय, दार नाही." पण दाराशिवाय मला धीर येत नाही. ही खोड आता हाडीमाशी खिळलीय. मध्यंतरी डॉक्टरांना दुखणं सांगताना डावं-उजवं चुकलं, तर मी सॉरी म्हणून केबिनबाहेर गेलो. तेवढ्यात पुढचा पेशंट आत जाऊन बसला. मी तसाच घरी आलो.

आता खरी गोष्ट माझ्या वडिलांची. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. जन्मभर ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चूक सापडली की पेन्सिलीने इतकी पुसट खूण करायचे, की खिळे जुळवणाऱ्याला तो कागद खिडकीशी नेऊन बघावा लागे. लेखकाला वाईट वाटायला नको, असं त्यांचं म्हणणं. उघड्या दारावरही ते टकटक करतात. खुर्चीच्या अर्ध्याच भागावर बसतात, जणू उरलेला अर्धा कुणाला तरी लागणार आहे. रस्त्यात कुत्रा समोरून आला तर हे बाजूला होतात आणि त्याला "जा, जा, तू जा" म्हणतात.

भित्र्या बापाच्या निवडचाचणीला मी गेलो तेव्हा अभिनय वगैरे काही केला नाही, सरळ बाबा करून दाखवले. टकटक, अर्धी खुर्ची, सगळं. भूमिका जागेवर मिळाली. बाबांना मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे विचारूनही काही फरक पडला नसता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पहिला भाग बघताना ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "काय रे हा माणूस, असं कुणी असतं का?" मी म्हणालो, "लेखकाची कल्पना." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठलो.

गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. शेजाऱ्यांचं न्हाणीघर आमच्या भिंतीला लागून आहे, एक हाक पुरली असती. पण दुपारची वेळ, लोक झोपलेले असतील म्हणून त्यांनी हाक मारली नाही. बायको ऑफिसातून येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. तिने उचललं तेव्हा म्हणाले, "तुझा चहा राहिला असेल."

हे दादाच्या कानावर गेलं. दादा माझा थोरला भाऊ. दुसऱ्या शहरात त्याची गोदामं आहेत, आणि फोनवर तो बोलला की फोन कानापासून लांब धरावा लागतो. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रश्न दिसला की तो लगेच सोडवतो. म्हणाला, "एक संस्था बघितलीय. चोवीस तास नर्स असते, भिंतींना धरायला दांडे असतात. तुझं शूटिंग, तुझ्या बायकोची नोकरी, बाबा दिवसभर एकटे. रविवारी गाडी घेऊन येतो." मी "हो" म्हणालो. त्याने बाबांनाही विचारलं. बाबा म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." इतक्या सहज आमच्या घरात एका माणसाचं घर सुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत बसले होते. समोरच्या इमारतीत एक मुलगी रोज व्हायोलिन शिकायला बसते आणि रोज त्याच जागी चुकते. बाबा मन लावून ऐकत होते. मला म्हणाले, "तिथे खिडकी असते का रे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "नसली तरी अडत नाही म्हणा."

मी एवढंच म्हणालो, "असेल."

बायको त्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्यांना जायचं नाहीये. तुम्हाला पाठवायचं नाहीये. मग पाठवतंय कोण?" तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. तळमजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात, त्या दिवसभर बाबांसोबत बसायला आनंदाने तयार होत्या. "आता फक्त भाऊजींना नाही म्हणायचंय," ती म्हणाली.

"तू सांग ना. तुझं ते ऐकतात."

"वडील तुमचे, भाऊ तुमचा. मी शब्दही बोलणार नाही."

सांगायला लाज वाटते, पण मी खर्जवाल्याला फोन लावला. माझ्या नावाने दादाला एक फोन कराल का, असं विचारणार होतो. तो म्हणाला, "चौथ्या भागाचं काम आहे का?" मी म्हटलं, "नाही, जरा घरगुती आहे. घरात ठणकावून बोलायचं झालं तर तुम्ही कसं बोलता?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "घरी मी हा आवाज काढत नाही. बायकोला खपत नाही."

मग मीच एक वाक्य बसवलं. 'दादा, बाबा कुठेही जाणार नाहीत. ते इथेच राहतील.' आरशासमोर, जिन्यात, मेकअपच्या खुर्चीत, जमेल तिथे घोकलं. मेकअपवाला म्हणाला, "कुठल्या सीनमधलं आहे? छान आहे."

रविवारी दादा आला. बाबा कधीचे तयार होऊन बसले होते. बॅग त्यांनी स्वतःच भरली होती, पायांत बूट चढवले होते आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या खुर्चीवर टेकले होते. बायकोने दादाला चहा दिला आणि माझ्याकडे बघितलं. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "दादा, बाबा कुठे..."

आवाज वर चढला आणि तिथेच अडकला.

"...कुठे बसलेत?" मी वाक्य पुरं केलं.

बाबा माझ्यासमोर हातभर अंतरावर होते. दादाने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सॉरी, परत एकदा घेऊ या," आणि मी घराचं दार उघडून बाहेर गेलो.

बाहेर श्वास घेतला आणि परत आत आलो. "दादा, बाबा कुठेही जाणार नाहीत."

"काय?" दादा म्हणाला. नुसतं एवढंच म्हणाला.

"असं मला वाटतं. म्हणजे, तुलाही वाटत असेल तर."

मी पुन्हा बाहेर. मागून दादाचा आवाज आला, "ह्याला झालंय काय?" त्यावर बायको शांतपणे म्हणाली, "रीटेक चाललाय, भाऊजी. चहा गार होतोय."

तिसऱ्यांदा मी फारच जोशात घुसलो आणि बाबांच्या बॅगेला अडखळलो. बॅगेला सॉरी म्हणालो. ते बोलून झाल्यावर पुढे शूरपणा दाखवण्यात काही अर्थ नव्हता. मी मुकाट्याने पुन्हा दाराबाहेर गेलो आणि दार लोटून घेतलं.

दादाचा संयम आता संपला होता. लोटलेल्या दारातूनही त्याचं स्पष्ट ऐकू आलं. "पोरखेळ लावलाय नुसता. बाबा, उठा. निघू या आपण."

माझ्या शेजारी आमच्या इमारतीची लिफ्ट उघडी उभी होती. क्षणभर वाटलं, आत शिरावं, मागे जावं आणि तरुणपणीच्या मला गाठून दोन कानाखाली द्याव्यात. पण आमची लिफ्ट फक्त तळमजल्यावर जाते. मी डोळे मिटले. वाक्य आठवलं. व्हायोलिन ऐकत बसलेले बाबा आठवले, आणि आतून काहीतरी उसळून आलं. राग होता तो. दादाचा नाही, माझाच. दारापलीकडे काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, नंतर एकदम शांत झालं. त्या शांततेतच मी दार ढकललं.

"दादा," मी म्हणालो, "बाबा कुठेही जाणार नाहीत. ते इथेच राहतील."

आवाज माझाच होता आणि तो खोलीभर पोचला. मीच दचकलो. असा टेक मी आयुष्यात दिला नव्हता.

कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. दादा कप हातात धरून मान खाली घालून बसला होता. बायको डोळे पुसत होती. बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"हो, झालं ते," दादा म्हणाला. "आत ये आणि दार लाव."

दादा जेवून गेला. रागावलेला नव्हता. न्हाणीघरात मापं घेतली आणि दांडे पाठवतो म्हणाला. निघताना त्याने बाबांच्या खांद्यावर बराच वेळ हात ठेवला. तो कधी असं करत नाही.

तो गेल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा काय म्हणाले?"

ती म्हणाली, "भाऊजी त्यांना उठवायला गेले, तर त्यांनी भाऊजींचा हात बाजूला केला आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, 'तो बाहेर उभा आहे. माझ्यापायी तू त्याला अजून किती वेळा आत यायला लावणार? मी येत नाही.' आणि मग बसले."

"एवढंच?"

"पूर्ण खुर्चीवर बसले," ती म्हणाली आणि पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

माझ्या वडिलांनी जन्मात एकदा कुणाला नाही म्हटलं, ते माझ्यासाठी, आणि मी दाराबाहेर श्वास घेत होतो. मला लाज वाटली, हसू आलं आणि रडूही आलं. कुठलं आधी आलं ते आठवत नाही.

मी गॅलरीत गेलो. त्यांच्या शेजारी खाली बसलो. "बाबा, मी ऐकलं नाही तुमचं. एकदा म्हणून दाखवाल?"

ते इतके लाजले की त्यांना माझ्याकडे बघवेना. "नको रे," ते म्हणाले. "तू बाहेर होतास म्हणून जमलं. समोर असतास, तर तुझ्याकडे बघून माझाही धीर गेला असता."