साक्षीदार ‘अ’

कमळाकरला झालंय तरी काय, हे सखूबाईला कळेना. सख्खा दीर, तिच्याच हातचं जेवून वाढलेला, आणि आता पनवेलच्या मासळी बाजारात तिची पाटी दिसली की असा वळतो, जसं काय तिनं पापलेटांच्या जागी साप मांडलेत. पलीकडच्या बाईकडून मऊ पडलेले बांगडे घेईल, पण वहिनीच्या तोंडाकडे बघणार नाही. सख्खा पुतण्या तुरुंगात, त्याची बायको भावना रडून अर्धी झालेली, आणि हा बाप्या एकदा दारात येऊन ‘कशा हाव’ म्हणून विचारीत नाही. “लाज इकून खाल्ली वाटतं कुनीतरी,” सखूबाई शेजारणीला म्हणायची. पण आवाज असा लावायची, की पार कोपऱ्यावर पोचलेल्या कमळाकरच्या कानात जावा.

पुतण्या म्हणजे सखूबाईचा मुलगा जीवन. कोळीवाड्याच्या होड्या लावायच्या जागेला सरकारनं सुरक्षेच्या नावाखाली तारेचं कुंपण घातलं, तेव्हा त्यानं सगळ्या होड्या ओळीनं त्या कुंपणासमोर आणून उभ्या केल्या. घोषणा झाल्या, दगड एकही नाही. पण पोलीस आले ते नेहमीची कलमं घेऊन नव्हे, देशाच्या सुरक्षेचा कायदा घेऊन. त्यात खटला नाही, जामीन नाही. पुढं काही करू नये म्हणून वर्षभर आत.

“म्हंजे केलं नाय त्याची शिक्षा?” सखूबाईनं वकीलबाई वल्लरीला विचारलं.

“तसंच समजा, आजी.” वल्लरीनं पुढचंही सांगितलं. अशा माणसाचं म्हणणं तीन न्यायाधीशांचं मंडळ ऐकतं, बंद दाराआड. तिथं वकिलाला बोलू देत नाहीत. मंडळाला पटलं तर एखादा मित्र मात्र कैद्याच्या वतीनं बोलू शकतो.

“मग मी जाते.”

“आजी, मित्र म्हणजे जरा शिकलेला कुणीतरी...”

“दुसरीपर्यंत गेलेय मी. आनी त्याचा जनम झाल्यापासून त्याच्याशी भांडतेय. याच्यापेक्षा जुनी मैत्री कुनाची हाय त्याच्याशी?”

वल्लरी हसली, पण तिनं अर्ज केला. आणि मंडळानं तो मान्य केला.

सुनावणीच्या दिवशी सखूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, होतं नव्हतं तेवढं सोनं अंगावर घालून मुंबईला गेली. भावनाला आणि वल्लरीला बाहेरच बसवलं. आत लांबलचक टेबल, पलीकडे तीन साहेब, बाजूला एक पोलीस अधिकारी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तुरुंगातला जीवन. दाढी वाढलेली.

अधिकाऱ्यानं गुप्त साक्ष वाचून दाखवली. “साक्षीदार ‘अ’ सांगतो की, हंगामाआधी जीवन होडीला रंग लावत असताना, कुंपणाला विरोध करू नको म्हणून मी त्याला समजवायला गेलो. त्यानं कोयता उगारून मला ठार मारण्याची धमकी दिली. तेव्हापासून भीतीमुळे मी त्याच्या घराकडे किंवा होडीकडे फिरकलो नाही. माझं नाव उघड करू नये.”

सखूबाईला लगेच उमगलं. रंगाच्या दिवशी समजवायला एकच माणूस आला होता. कमळाकर. चहा तिनंच दिला होता त्याला. जीवनच्या हातात कोयता नव्हता, रंगाचा ब्रश होता, आणि तो एवढंच म्हणाला होता, “काका, तू जासईला तुझे मालाचे ट्रेलर सांभाळ, आमी खाडी सांभाळतो.” तिनं पडद्याकडे पाहिलं. जीवननं मान खाली घातली. म्हणजे पोराला आधीच ठाऊक होतं, आणि त्यानं आईपासून लपवलं होतं.

“आजी, तुम्हाला काही सांगायचंय?” मधल्या साहेबांनी विचारलं.

“सांगायचंय. हा ‘अ’ कोन, ते मला कळलंय. पन नाव मी घेनार नाय. तुमी झाकलंय, तर झाकलेलं ऱ्हाऊ दे.”

अधिकारी खुर्चीत सावरून बसला.

“आमच्यात एक रीत हाय, सायेब. ज्याच्या पोटात होडीवाल्याबद्दल राग नायतर भ्याव हाय, तो त्याच्या होडीला पाय लावत नाय. दर्यावर जायाचं असतं, तितं कुनी खोटं वागत नाय. रंग वाळला, मंग होडी पान्यात लोटली. त्या दिवशी होडीवर उबा ऱ्हाऊन नारळ फोडला, तो मानूस कोन, ते तुमीच बगा. माझ्या सुनेच्या मोबाइलात फोटो हाय, खाली नावबी लिवलंय. तुमच्या बंद कागदात ‘अ’चं नाव असंल ना? लावा जोडीला.”

अधिकारी म्हणाला, “सर, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“व्हय रं बाबा, हाय ना!” सखूबाई त्याच्याकडे वळली. “खाडीत अनोळखी होडी शिरली तर पयली कुनाला दिसती? तुला का आमाला? याच पोरानं दोनदा तुमच्या चौकीला फोन केलता. घर राखायला दाराला कडी आतून लावतात. तू घरातल्यालाच आत कोंडून बाहेरून कडी लावलीस, आनी म्हनतोस राखन करतोय!”

डावीकडच्या साहेबांनी हसू दाबायला पाण्याचा ग्लास उचलला. मधल्यांनी मोबाइल मागवला. फोटो आणि खालचं नाव पाहिलं, बंद पाकीट उघडून आतलं नाव पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. हसऱ्या चेहऱ्यानं नारळ फोडणारा तो माणूस भेदरलेला दिसत नव्हता. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, “ही साक्ष तुम्ही पडताळली होती?” अधिकारी फाईल चाळू लागला.

मंडळानं लिहिलं, कोंडून ठेवण्याला पुरेसं कारण नाही. सरकारला आदेश मागे घ्यावा लागला.

जीवन परत आला, त्या दिवशी कोळीवाड्यात बँड लागला. म्हाताऱ्यांनी फेर धरला, बायांनी भावनाच्या केसांत इतकी अबोली माळली की तिची मान वाकली. होड्या शिट्ट्या वाजवीत त्याच कुंपणासमोरून गेल्या, आणि पहाऱ्यावरचा शिपाई नुसता बघत राहिला. सखूबाईनं सगळ्यांना कोळंबीचं कालवण वाढलं, आणि वाढता वाढता सुनावणीची गोष्ट तीनदा सांगितली. ‘अ’चं नाव मात्र गाळून.

तेवढ्यात कमळाकर हार घेऊन अंगणात आला. सखूबाई पळी हातात घेऊनच उंबऱ्यात आडवी झाली. बँड आपोआप थांबला.

“वयनी,” तो पुटपुटला, “पोलिसांनी बोलावलं गो. ट्रेलर अडकवू म्हनाले. त्यांनी लिवलं, मी सही केली. मी भ्यालो.”

“भ्यालास ते माफ,” सखूबाई म्हणाली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी. “मीबी भ्याले, त्या सायबांच्या फुडं. पन मी माझं नाव सांगून बोलले, कमळाकर. तू लपून बोललास, त्याला माफी देनारी मी कोन? ज्याचं वरीस जानार व्हतं तो आत जेवतोय. हार ठेव हितं. आत जा, त्याच्या फुडं उबा ऱ्हा, आनी समद्यांच्या देखत सांग, तो ‘अ’ मीच. मंग तो तुला ताट वाढंल नायतर हाकलंल, तुझा न्याय तो करंल. पन तोंड उघडं ठेवून जायाचं.”